जर्दाळूखालची पुरचुंडी

कानिशायच्या पायाला भिंगरी आहे, हे तळ्याकाठच्या बालिकची गावाच्या रस्त्यावर मासे विकणाऱ्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. येणाऱ्या गाडीचा वेग नुसता कमी झाला, की बाकीच्या आपापल्या स्टुलांवरून उठेपर्यंत ही धुरी दिलेल्या माशांची माळ घेऊन खिडकीशी पोचलेली असायची. शेजारच्या टपरीवरची उल्कान म्हणायची, "अगं, थांब जरा. त्याचं टायर बसलंय, म्हणून थांबलाय तो." पण तोवर कानिशायने गाडीवाल्याला टायरही दाखवलेलं असायचं आणि मासाही गळ्यात मारलेला असायचा.

लग्न होऊन ती सासूच्या, म्हणजे सोनुनबू आपाच्या घरात आली तेव्हापासून हे असंच होतं. उजाडायच्या आत अंगण झाडून, गाईची धार काढून, चहा ठेवून ही मोकळी. आमच्याकडे सुनेने लवकर उठायचं असतं हे खरं, पण म्हणून सासू उठायच्या आधी अंथरुणाशेजारी चहाची वाटी निवत ठेवायची नसते. आपा कुरकुरायची, "केलिन, मला जरा म्हातारी होऊ दे की. झोपेतच पळवतेस." केलिन म्हणजे सून. कौतुकाची आणि रागाची हाक आपाच्या तोंडी एकच होती, फरक आवाजावरून ओळखायचा.

पळणाऱ्या बाईला लोक सहसा अडवून प्रश्न विचारत नाहीत. कानिशायच्या पळण्यातलं निम्मं गुपित हे होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरातला पाळणा माळ्यावरच होता. बारशाला गेली की ती स्वयंपाकघरात शिरायची आणि शेवटचं भांडं घासून होईपर्यंत बाहेर यायची नाही. कुणी विचारलंच, तर म्हणायची, "चहा उतू जातोय," आणि सटकायची. तळ्याकाठच्या झऱ्यावर जाऊन झाडाला चिंध्या बांधून झाल्या होत्या. मुल्लाकडून फुंकर घालून झाली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून साळिंदराचं मांसही खाऊन झालं होतं. त्याची चव कशी होती हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

नवऱ्याचं नाव रिसपेक. कारा-केचेच्या खाणीतून कोळसा वाहणारा ट्रक चालवायचा. माणूस सरळ, बोलायला कमी. आईची बाता घेतल्याशिवाय, म्हणजे तिने तळवे उघडून दुवा दिल्याशिवाय, त्याचा ट्रक सुरू व्हायचा नाही. एकदा घाईत तसाच निघाला आणि घाटातून परत फिरला. कोळशाची वाट बघणारे लोक शिव्या घालत होते, आणि हा अंगणात काळे हात पुढे धरून आईसमोर उभा. त्याच्यावर हसावं की त्याच्या पाया पडावं, हे कानिशायला त्या दिवशी कळलं नव्हतं.

शेवटी तोच तिला बिश्केकला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंचं नाव दामिरा कासिमोव्ना. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात कानिशायचं आंत्रपुच्छ पोटात फुटलं होतं. ती दुखणं अंगावर काढत माशांना धुरी देत राहिली होती आणि फारच उशिरा दवाखान्यात पोचली होती. त्या वेळच्या पुवाने दोन्ही गर्भनलिकांची तोंडं चिकटून बंद झाली होती. आत पाणी साठून त्या फुगल्या होत्या.

"मूल होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काचेत गर्भ तयार करायचा आणि तुझ्या पोटात ठेवायचा. पण या नळ्यांमधलं पाणी खाली झिरपतं, त्यात तो टिकणार नाही. आधी या दोन्ही नळ्या काढून टाकायच्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"एक राहू दिली तर? नुसती आपली. असावी म्हणून."

"ती असेल, पण मूल नसेल," बाई म्हणाल्या आणि पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. कानिशाय उठून उभी राहिली होती. खोलीत पळायला जागा नव्हती, म्हणून ती परत बसली.

घरी हे सांगायचं म्हणजे दिव्यच होतं. जेवणावर रिसपेकने तोंड उघडलं आणि अर्ध्यावर मिटलं. मग कानिशायनेच ताटं उचलता उचलता सगळं सांगून टाकलं. आपाने नूडल्सची वाटी खाली ठेवली.

"म्हणजे दार विटांनी बुजवायचं आणि मग पाहुण्याला आवतण द्यायचं?"

"पाहुणा खिडकीतून येणार आहे, आपा," रिसपेक म्हणाला. त्याच्या आयुष्यातला बहुधा हा सर्वात लांबलचक विनोद असेल.

"तू गप. बाईच्या पोटाला काय कळतं तुला? कोळसा वाहा." आपा सुनेकडे वळली. "आणि काढलं की परत नाही ना बसवता येत?"

"नाही, आपा."

"मग ते काचेतलं नाही धरलं तर?"

 कानिशायलाही रात्रंदिवस हेच खात होतं. बंद तर बंद, सुजलेल्या तर सुजलेल्या, पण त्या आत होत्या तोवर एखाद्या महिन्यात देवाला दया येईल असं म्हणता येत होतं. काढल्यावर देवालाही काही म्हणायची सोय राहणार नव्हती. ती ताटं घेऊन नळावर गेली आणि धुतलेली ताटं परत धुवायला लागली.

आपा बरेच दिवस हो म्हणेना. आणि आपाने बाता दिल्याशिवाय रिसपेक बायकोला घाटाखाली नेणार नव्हता, हे तिन्ही माणसांना माहीत होतं. कानिशाय टपरीवर गिऱ्हाइकाला उरलेले पैसे द्यायची विसरायला लागली. एकदा तर मासे न ओवलेली रिकामी तार घेऊनच गाडीमागे धावली. उल्कान म्हणाली, "अशीच धावत राहिलीस तर तळ्याला प्रदक्षिणा होईल एक दिवस."

मग एका सकाळी आपाने तिला आत बोलावलं. पेटीतून एक पांढरं सुती फडकं काढलं. घड्यांवर पिवळ्या रेघा पडलेल्या, इतकं जुनं. म्हातारीला देवाने चांगलं दिलंय, तरी नवं फडकं काही सुटत नाही हातून, असं कानिशायच्या मनात आलं.

"जा, काढून घे," आपा म्हणाली. "पण एक कर. जे काढतील ते यात बांधून घरी आण. आपण नखं फेकत नाही, केस फेकत नाही. माणसाच्या अंगातलं माणसाचंच असतं. ते कुठल्या बादलीत जाता कामा नये. आपल्या अंगणात, आपल्या मातीत जाईल. ते झालं की मग पुढच्या कामाला मी बाता देईन. नाही आणलंस, तर ते काचेचं प्रकरण माझ्यापुढे काढू नकोस."

"आणते," कानिशाय म्हणाली. ती कशालाही हो म्हणाली असती.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पोटावर लहान लहान टाके आले. शुद्धीवर आल्या आल्या तिने विचारलं, "माझ्या त्या कुठे आहेत?" नर्सला वाटलं, ही चपलांबद्दल विचारतेय. तिने पलंगाखालून चपला काढून दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी दामिरा कासिमोव्ना आल्या, तेव्हा कानिशायने उशाखालचं फडकं काढून त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, त्याबद्दल कानिशायने त्यांना पुढे जन्मभर मान दिला. पण म्हणाल्या, "बाळ, त्या तपासणीला गेल्या. त्यांचे काप करून काचेवर लावतात, बाकीचं रसायनात राहतं. देता येत नाही. नियम आहे."

"थोडंसं तरी?"

"थोडंसंही नाही. तू आता झोपून राहा."

झोपून राहायला ती कानिशाय कसली. बाई वळल्या तशी ती भिंतीला धरून उठली. पोटात कुणी चिमटे लावल्यासारखं होत होतं. वाकत, थांबत, माणसांना विचारत ती तळघरातल्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी पोचली. आतली बाई सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती.

"काय हवंय?"

"माझं आहे काहीतरी आत."

"इथं सगळ्यांचंच काहीतरी आहे," ती बाई म्हणाली. "निकाल डॉक्टरांकडे जाईल." आणि तिने खिडकी लावून घेतली.

कानिशाय तिथेच पायरीवर बसली. बरीच रडली. दुखत होतं म्हणून, आणि रिकामं फडकं हातात होतं म्हणूनही. आता परत जाऊन आपाला काय सांगायचं? पोटातलं गेलं होतं आणि पुढची वाट त्या एका पुरचुंडीवर अडली होती.

रिसपेक कुणाकडून तरी मागून आणलेल्या गाडीतून तिला घ्यायला आला. वाटभर ती खिडकीची काच खाली-वर करत होती. तो म्हणाला, "थंडी वाजतेय की उकडतंय, एक काय ते ठरव." बालिकची आलं, वारा सुटलेला होता, रस्त्याकडेला माशांच्या माळा एकमेकींवर आपटत होत्या. उल्कानची टपरी दिसली आणि कानिशाय म्हणाली, "थांबव. दोन मिनिटं. उल्कान एजेला भेटते." एजे म्हणजे ताई. रिसपेक गाडीतच बसून सिगरेट ओढायला लागला.

उल्कान टपरीमागे मोठमोठे साझान मासे चिरत होती. तिने पोट फाडलं, बोटं घातली आणि आतली हवेची पिशवी ओढून बादलीत टाकली. पांढरी, लांबट, मधे आवळलेली, फुगलेली. कानिशाय बघतच राहिली. पडद्यावरच्या चित्रात तिच्या नळ्या अगदी अशाच दिसल्या होत्या.

"एजे, यातल्या दोन मला दे."

"कशाला? चिकटवायला सरस बनवणार आहेस?"

कानिशायने सांगितलं. उल्कानचा सुरा हवेतच राहिला. मग तिने ओठ घट्ट दाबले. तिला हसायला येत होतं की रडायला, ते तिचं तिलाही ठरवता येत नसावं. तिने दोन पिशव्या निवडल्या, दोनदा तीनदा पाण्यातून काढल्या, टोचून हवा घालवली आणि दवाखान्यातल्या कापसात गुंडाळल्या. वर ते पांढरं फडकं. "गाठ घट्ट मार," म्हणाली. "आणि म्हातारीच्या नाकापासून लांब धर."

आपा फाटकात उभी होती. तिने सुनेच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आत नेऊन गरम सूप दिलं आणि मग हात पुढे केला. कानिशायने पुरचुंडी त्या हातावर ठेवली.  आपाने ती तळव्यावर जरा तोलली. गाठ सोडली नाही. नुसती म्हणाली, "हलकी आहे."

"हो, आपा."

"चल."

अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाखाली आपाने स्वतः खणलं. कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही. पुरचुंडी ठेवली, माती लोटली, आणि गुडघ्यांवर बसून बराच वेळ ओठ हलवत राहिली. रिसपेक टोपी काढायची की ठेवायची या पेचात उभा होता. कानिशायची मान वर होत नव्हती. माझी सासू माशाच्या पिशव्यांसाठी दुवा मागतेय, आणि हे मी केलंय, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. तिला वाटलं, आत्ता इथेच सांगून टाकावं. पण मग बिश्केकची वाट बंद, पाळणा माळ्यावर, आणि पोट तर रिकामं करून आणलेलं. तिने वाकून मूठभर माती आणखी लोटली.

टाके भरायला लागले, आणि इकडे तिचं बसणं-उठणं मुश्किल झालं. आधी ती कामासाठी पळायची, आता पळण्यासाठी काम शोधायला लागली. आपा नमाजाला बसली की ही अंगणात. जर्दाळूखालची माती पायाने दाबायची, पानं पसरायची, परत उचलायची. शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणाशी आला की ही झाडापुढे जाऊन उभी राहायची. आपा प्रेमाने म्हणायची, "बस गं जरा, टाके उसवतील," आणि ते प्रेमच तिला टोचायचं. आपाने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि मग मांजरं यायला लागली. आधी एक पिवळा बोका आला. तो झाडाखाली बसला आणि मातीकडे बघत राहिला, जणू तिथे त्याचा कुणी नातेवाईक पुरलाय. मग एक काळी आली, मग गल्लीतली सगळीच. कानिशायने त्यांना खराट्याने हाकललं, राख टाकली, तिखट टाकलं. बोका शिंकला आणि पुन्हा येऊन बसला. आपा खिडकीतून बघायची.

त्या काचेतल्या गर्भासाठी बिश्केकला निघायच्या आदल्या दिवशी ती टपरीवरून दुपारीच परत आली, कारण तिच्याने बसवेना. उद्या सकाळी आपा बाता देणार होती. खोटी पुरचुंडी देऊन खरी दुवा कशी घ्यायची, या एका विचाराने ती वाटेतून दोनदा टपरीकडे परत फिरली होती, आणि उल्कानने दोनदा तिला घराकडे ढकललं होतं.

अंगणात आपा झाडाखाली जमिनीवर बसली होती. शेजारी पिवळा बोका. समोर एक सपाट, जड दगड, कुठून तरी ढकलत आणलेला. म्हातारीला धाप लागली होती.

"ये, हात लाव," आपा म्हणाली. "एकटीला सरकत नाही."

दोघींनी मिळून दगड त्या जागेवर सरकवला. आपाने हात झटकले.

"आता उकरायला नकोत. मांजरांना मासा कळतो, केलिन. माझी सगळी उमर इथल्या मासळीच्या कारखान्यात गेली. मला कळत नाही होय?"

कानिशायने दगडावरचा हात काढला. "आपा, मी..."

"मातीवर बस. गार आहे, पण बस."

ती बसली.

"तळव्यावर ठेवलीस तेव्हाच कळलं," आपा म्हणाली. "दवाखानेवाले देत नाहीत. मला माहीत होतं देणार नाहीत. तरी म्हटलं, आता काळ बदललाय, मागून बघावं. तुझ्या हाती मागून बघावं."

बोका दगडाला नाक लावून फिरला आणि निघून गेला. आपा बोलत राहिली, दगडाकडे बघत.

"रिसपेकच्या आधी मला एक मुलगी झाली होती. रडली नाही ती. मला दाखवलीच नाही. मी म्हटलं, द्या, मी घरी नेते. तिथली बाई म्हणाली, घरी जा, तरुण आहेस, दुसरं होईल. तुझे सासरे दुसऱ्या दिवशी नवं फडकं घेऊन गेले. म्हणाले, यात बांधून आणतो. दिवसभर दारात उभे राहिले. संध्याकाळी तसेच परत आले, फडकं घडी घातलेलं. मी ते पेटीत ठेवलं. कुठे टाकली तिला, मला अजून माहीत नाही. रस्त्याने जाताना मी प्रत्येक खड्ड्याकडे बघते."

कानिशायच्या डोळ्यांसमोर घड्यांवरच्या त्या पिवळ्या रेघा आल्या. त्या फडक्यात तिने काय बांधून आणलं होतं, ते आठवून तिला जमिनीत शिरावंसं वाटलं. तिने आपाचा हात धरला आणि त्यावर कपाळ टेकून रडायला लागली. "आपा, मला माहीत नव्हतं. मी त्यात... मी मासा..."

"रडू नको, टाके ओढतील." आपाने दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "मी दुवा माशासाठी नाही मागितली. फडकं मातीत गेलं. इतकी वर्षं पेटीत होतं, ते गेलं. तिची आता एक जागा झाली."

वारा पडला होता. कुंपणापलीकडे कुणीतरी गाईला हाक मारत होतं. चहा ठेवायची वेळ होऊन गेली होती, गाईची धार काढायची होती, उद्याची पिशवी भरायची होती, पण कानिशाय उठली नाही. सासूच्या हाताला धरून तशीच मातीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने आपाने तळवे उघडले, उद्याची वाट न बघता, आणि सुनेचेही उघडायला लावले. पुटपुटून झाल्यावर दोघींनी हात तोंडावरून फिरवले.

"साझानच होता ना?" आपाने विचारलं.

"हो, आपा. मोठा होता."

"बरं केलंस," म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाली. "चेबाकसारखा टीचभर मासा असता तर मला राग आला असता. चल, आता माळ्यावरचा पाळणा खाली काढू. धूळ तरी झटकून ठेवू."